जागेवरचं स्टूल

सिनेमात काम करायला मी एकाच अटीवर तयार झालो. माझा माणूस स्वतःच्या घरात कशालाही धडकणार नाही. बाहेर हवं ते करा, खांबावर आपटा, खड्ड्यात घाला, रस्ता काही कुणाच्या बापाचा नसतो. पण घरात नाही.

दिग्दर्शिकाबाई तेव्हा माझ्याच घरी, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. आवाजावरून तिशीच्या, घसा जरा बसलेला, आणि पेनाचं टोपण सारखं उघडझाक करायची खोड.

"पटकथेत चार ठिकाणी आहे तसं," त्या म्हणाल्या. "एकदा फुलदाणी पडते, एकदा कपाटाचं दार लागतं..."

"चारही काढा."

"पण काका, लोकांना कळायला हवं ना, की तो..."

"आंधळा आहे. म्हणा की. मला माहीत आहे ते."

त्या ओशाळून हसल्या. मला आंधळा हाच शब्द आवडतो. बाकीचे शब्द लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेत, तोंड कडू होऊ नये म्हणून. आपल्या म्हणींनी आम्हाला काय कमी वापरलंय? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. दोन सोडा, एकाचाही पत्ता नाही अजून.

बाईंना पटेना म्हणून मी उठलो आणि चहा केला. खुर्चीपासून ओट्यापर्यंत सहा पावलं, डावीकडे वळून डबे, वरच्या फळीवर कप. काठी दाराशीच टांगलेली. एक थेंब सांडला नाही, कशाला कोपर लागलं नाही. कप त्यांच्या हातात दिला तेव्हा टोपणाची टकटक थांबली होती.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "सगळं किती जागच्या जागी आहे."

"असावंच लागतं. तीन वर्षांत मला या घरात एक ओरखडा उठलेला नाही. आंधळा माणूस आपल्या घरात धडकत नाही, बाई. डोळस लोक धडकतात, कारण ते बघत नाहीत."

माझ्या या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि चारही धडका काढून टाकल्या.

तीन वर्षं म्हणालो, कारण बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधीचा हिशेब मी धरलाच नव्हता.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. वयाच्या दुसऱ्या वर्षी तापात डोळे गेले. एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रेडिओ नाटकं करायचो. रेडिओवर माझे डोळे शाबूत होते. मी जहाजाचा कप्तान झालोय, न्यायाधीश झालोय, एकदा तर चित्रकार झालो आणि नायिकेच्या गालावरच्या तिळाचं असं वर्णन केलं, की घरी बायकोने दोन दिवस टोमणे मारले. आंधळ्याचं काम मात्र मला कुणी कधी दिलं नाही. ते करायला डोळस नट लागतो, त्याशिवाय त्यात कौतुक ते काय!

या सिनेमालाही तसा नट ठरला होता. देखणा, नावाजलेला. आंधळ्या घड्याळजीचं काम करायचं म्हणून त्याने म्हणे महिनाभर डोळ्यांना पट्टी बांधून घरात सराव केला. पट्टी बांधून कोणी आंधळा होत नाही, नुसता घाबरलेला डोळस होतो. बाई मात्र हट्टाला पेटल्या होत्या. आंधळ्याची भूमिका आंधळाच करील, नाहीतर मी सिनेमाच करणार नाही. निर्मात्याने कपाळाला हात लावला असणार. शेवटी तडजोड अशी झाली, की पहिला आठवडा माझ्यावर चित्रीकरण करायचं. जमलं तर मी, नाहीतर तो. त्याने तारखा मोकळ्या ठेवल्या होत्या. म्हणजे मी उभा होतो त्याच जागेवर आणखी एक माणूस उभा होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

सेटवर माझी सगळी जबाबदारी एका सहायक मुलीवर होती. तिच्या पुढच्या दातांत फट असावी, कारण प्रत्येक 'स' बरोबर बारीक शिट्टी वाजायची. मी तिचं नावच शिट्टी ठेवलं. ती कुठे आहे ते मला न विचारता कळायचं. नट मंडळी कुठे थांबायचं ते जमिनीवरच्या रंगीत पट्टीवरून ओळखतात. शिट्टीने माझ्यासाठी सतरंजीखाली बारीक दोरी चिकटवली. तळव्याला ती लागली की थांबायचं. मोठी हुशार पोर.

घड्याळजीचं घर म्हणजे दोन खोल्या. दार, दारापासून पाच पावलांवर कामाचं टेबल, डाव्या हाताला कपाट, उजवीकडे भिंतीला लागून एक लाकडी स्टूल, मागे स्वयंपाकघर. भिंती पातळ फळ्यांच्या. त्यांच्यावर टिचकी मारली की पोकळ वाजायच्या. आणि घराला छत नव्हतं. बोललेलं वर निघून जायचं, परत यायचं नाही. मी दोन दिवस त्या घरात नुसता हिंडलो. कपाटाच्या कडा, टेबलाचा खालचा आडवा दांडा, स्टुलाचे चार पाय, सगळं हातापायांना पाठ करून टाकलं.

सेटवर मला सगळे फार जपायचे. कोणी खुर्ची सरकवायचं, कोणी पाण्याची बाटली उघडून हातात द्यायचं. एकाने तर माझं संत्रं सोलून दिलं. मला बघता येत नाही, सोलता येतं, हे सांगूनही पालथ्या घड्यावर पाणी. पण जेवायच्या सुट्टीत सगळे आपापल्या घोळक्यात जायचे आणि मला शेजारी कोणीतरी बसवून ठेवायचं. बसवलेला माणूस दोन मिनिटांनी काहीतरी आठवल्यासारखं करून उठायचा. मी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ऐकत बसायचो. शंभर माणसांत असं बसण्यापेक्षा घरी एकटं बसलेलं परवडतं. तिथे निदान कोणी उठून जात नाही.

चौथ्या दिवशी तो सीन होता. घड्याळजी बाहेरून येतो, काठी टांगतो, घड्याळांची पेटी घेऊन टेबलाशी जातो, बसतो, आणि आतल्या बायकोला म्हणतो, "चहा टाक." बस, एवढंच.

पहिल्यांदा केलं. छान झालं. दुसऱ्यांदा केलं, तेही छान. पण कॅमेऱ्यामागे निर्माता येऊन उभा होता, आणि जन्मभर टेलिफोनवर बसलेल्या माणसाजवळ कुजबुजू नये, एवढी अक्कल त्याला नव्हती.

"अहो, हा आंधळा वाटतच नाही. टकाटक चालतोय. यापेक्षा आपला तो बरा होता की."

"थोडं सावकाश कराल का काका?" बाईंनी विचारलं.

तिसऱ्यांदा सावकाश केलं. निर्मात्याने नुसता उसासा टाकला. मला तो उसासा कळला. तारखा मोकळ्या असलेला माणूस त्या उसाशात स्पष्ट उभा होता. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. हे काम गेलं असतं तर माझ्या आयुष्यात काही अडलं नसतं. पण सकाळी उठून कुठे तरी जायचंय, कोणीतरी माझी वाट बघतंय, या गोष्टीची मला चारच दिवसांत चटक लागली होती.

मग चहाची सुट्टी झाली. त्या सुट्टीत, हे मला मागाहून कळलं, कॅमेरामन सेटवाल्याला म्हणाला, स्टूल कडेला कापलं जातंय, जरा पुढे घे. सेटवाल्याने ते हातभर पुढे घेतलं. सिनेमावाल्यांची ही रोजचीच रीत आहे. चौकटीत नीट बसावं म्हणून दोन शॉटच्या मधे टेबल सरकतं, कपाट सरकतं, कधीकधी भिंतच सरकते. कोणी कोणाला सांगत नाही, कारण सगळ्यांना दिसतं. चाळीस माणसांनी ते स्टूल हललेलं पाहिलं. संत्रं सोलणाऱ्यानेही पाहिलं असेल. शिट्टी तेवढी माझा कप ठेवायला गेली होती.

चौथ्यांदा मी आत आलो. काठी टांगली. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पावलाला स्टूल थेट नडगीवर बसलं. पेटी हातातून उडाली, घड्याळं जमिनीवर घरंगळली, मी एका गुडघ्यावर आलो. डोळ्यांसमोर काजवे चमकले म्हणतात, ते आम्हालाही चमकतात. आणि त्या कळेबरोबर माझ्या तोंडून निघून गेलं,

"अगं, हजारदा सांगितलं तुला, स्टूल मधे ठेवू नकोस म्हणून! पाय तोडून घेऊ का माझा?"

आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, तात्काळ आवाज आला, "अहो, उचलते ना! ओरडताय कशाला?"

माझी पडद्यावरची बायको ती. नाटकात मुरलेली बाई. समोरच्याचं वाक्य पडू द्यायचं नाही, ही तिची सवय. आवाज माझ्या बायकोसारखा मुळीच नव्हता. हिचा भरदार, तिचा बारीक. पण वाक्य तेच होतं. शब्दन् शब्द तेच.

माझी बायको ठेंगणी होती. वरच्या फळीवरचं काही काढायचं तर तिला स्टूल लागायचं. ती चढायची, डबा काढायची, उतरायची आणि स्टूल तिथेच विसरायची. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं माझ्या नडग्या त्या स्टुलाने सोलून काढल्या. मी ओरडायचो, ती आतून म्हणायची, उचलते ना, ओरडताय कशाला. आणि उचलायला काही यायची नाही. शेवटी मीच उचलून ठेवायचो. हे सगळं मी विसरलो होतो असं नाही. माझ्या घराची गोष्ट सांगताना तेवढं मी वगळत होतो.

पुढचं वाक्य होतं "चहा टाक." ते मला आलंच नाही. मी गुडघ्यावर तसाच, दोन्ही हातांनी स्टूल धरून, ती आतून येते का ते ऐकत राहिलो. तीन वर्षांत माझ्या घरात मला आतून कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. आता दिलं, तर ते छत नसलेल्या घरात, परक्या बाईने.

"कट" म्हणायला बाईंनी फार वेळ लावला.

मग एकच गलका झाला. शिट्टी रडत होती आणि रडताना तिच्या शिट्ट्या वाजत होत्या. बाई सेटवाल्यावर तुटून पडल्या होत्या. आणि या सगळ्याच्या वरून निर्मात्याचा आवाज आला, "हे! हेच पाहिजे होतं मला! आता वाटतोय आंधळा! त्या नटाला कळवून टाका, तारखा सोडून दे म्हणावं."

म्हणजे काम मला मिळालं. धडपडलो, म्हणून मिळालं.

थोड्या वेळाने बाई फडक्यात बर्फ घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ टोपण उघडझाक करत राहिल्या.

"काका, तुमची अट मोडली. तुम्ही म्हणाल तर हा शॉट मी वापरणार नाही. निर्मात्यांशी भांडेन. पण खरं सांगू? इतकं खरं मी अजून काही टिपलेलं नाही."

माझी पडद्यावरची बायको पलीकडेच बसली होती. मी तिला विचारलं, "बाई, ते वाक्य तुम्ही कुठून आणलंत?"

"आणते कुठून? आमचे हे रोज चप्पल शोधताना असेच ओरडतात. घरोघरी मातीच्या चुली." आणि ती मोकळी हसली. संध्याकाळी घरी जाऊन ती पुन्हा ओरडा खाणार होती. मला तिच्या नवऱ्याचा असा काही हेवा वाटला, की नडगीचा ठणका मी विसरलो.

"ठेवा तो शॉट," मी बाईंना म्हणालो.

"पण तुम्हीच म्हणाला होतात, आंधळा माणूस आपल्या घरात धडकत नाही. मी लिहून घेतलंय."

"खोडा ते. एकटा आंधळा धडकत नाही. घरात दुसरं माणूस असलं, की धडकतो. या घड्याळजीला बायको आहे ना? मग त्याला एकदा तरी धडकू द्या."

टोपण थांबलं. त्यांनी ते लिहिलं की नाही, मला कळलं नाही.

शनिवारी दुपारी मी घरी आलो. काठी टांगली आणि दारातच उभा राहिलो. घर नेहमीसारखंच होतं. ज्या घराची मी बाईंना प्रौढी सांगितली, ते हेच. तीन वर्षांत मला ओरखडा उठला नाही, कारण तीन वर्षांत या घरात माझ्याशिवाय कोणी काही इकडचं तिकडे केलंच नव्हतं. मी ठेवीन तिथे कप, मी सोडीन तिथे चप्पल. मी त्याला शिस्त म्हणत होतो.

मी फळीखालचं स्टूल उचललं आणि वाटेत आणून ठेवलं. खुर्चीत जाऊन बसलो. काही वेळाने पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. पाय आपसूक स्टुलाला वळसा घालून गेले. पुन्हा दुसरीकडे ठेवलं. पुन्हा वळसा. विसरायचं म्हणून झोप काढली, उठून गेलो, तरी पाय विसरले नव्हते. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, तसंच हे. आपण ठेवलेलं स्टूल आपल्याला लागत नाही. शेवटी ते परत फळीखाली ठेवून दिलं.

रविवारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. तीन वर्षांत तिने एक रविवार चुकवलेला नाही. केर काढते, कपडे लावून ठेवते, माझी टिंगल करते आणि जाते. बायको गेली त्याच्या आदल्या आठवड्यात हिच्या हातून कपाटाचं दार उघडं राहिलं होतं आणि माझ्या भुवईवर तीन टाके पडले होते. तेव्हापासून ती प्रत्येक वस्तू उचलली तशी परत ठेवते. मला आवाजच येतो ना, उचलल्याचा आणि बरोबर तिथेच टेकवल्याचा.

"काय भावोजी, आता तुम्ही मोठे नट. आम्हाला ओळख दाखवाल ना?"

"दाखवीन. आवाज चढवून बोललीस तर."

ती हसली. मग माझी नडगी बघून तिचं हसणं थांबलं. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या बहिणीचं वाक्यही सांगितलं. नाक ओढल्याचा तेवढा आवाज आला.

"माझं एक काम कर," मी म्हणालो. "जाताना ते स्टूल उचल आणि घरात कुठेही ठेवून दे. वाटेत. कुठे ते मला सांगू नकोस."

"पडाल ना!"

"पडलो तर पडलो."

"भावोजी, सिनेमावाल्यांनी वेड लावलं तुम्हाला. या वयात हाड मोडलं म्हणजे?"

"मोडू दे. ठेव एवढं. मी ऐकणार नाही, रेडिओ मोठा करतो."

तिने केर काढला, कपडे लावले. निघायची वेळ झाली तेव्हा मी खुर्चीत बसून रेडिओ इतका मोठा केला, की शेजारच्यांनी भिंत ठोकली. कोणीतरी बातम्या देत होतं. मी कान त्या बातम्यांवर रेटून धरले. मग तिचा हात क्षणभर माझ्या खांद्यावर आला आणि उचलला गेला. पायाखालची जमीन किंचित हादरली, त्यावरून दार लागल्याचं कळलं.

मी जरा वेळ बसून राहिलो. मग उठलो. हात मागे बांधले. काठी नाही, चाचपणं नाही, पावलं मोजणं नाही. ओट्यापर्यंत गेलो. काही नाही. तिथून झोपायच्या खोलीत. प्रत्येक पावलाला दुखरी नडगी आधीच आक्रसून घ्यायची. पलंगाभोवती फिरलो, खिडकीशी गेलो, दाराशी आलो, पुन्हा ओट्याशी. तोंडात वाक्य तयार होतं. अगं, हजारदा सांगितलं तुला.

सगळं घर दोनदा पालथं घातलं तेव्हा एकच जागा उरली. फळीखाली जाऊन वाकलो आणि हात पुढे केला.

स्टूल जागेवरच होतं. नेहमीपेक्षा दोन बोटं आत, भिंतीला चिकटवून. मेहुणी मला फार जपते.

मी त्याच्यावर बसलो. रेडिओ तसाच चालू होता. ओरडायला काही कारणच नव्हतं.